कायमचे पाणी सोडावे

झाड हे मुळात फार उधळं असतं. मुळांनी शंभर घोट पाणी वर ओढायचं, त्यातले दोन-तीन स्वतःसाठी ठेवायचे आणि उरलेले पानांच्या बारीक छिद्रांतून हवेत सोडून द्यायचे, असा त्याचा लाखो वर्षांचा शिरस्ता आहे. माणूस असा वागला तर घरचे दोनदा समजावतात आणि तिसऱ्यांदा पगार परस्पर बायकोच्या हातात द्यायला लावतात. झाडाला मात्र आजवर कोणी काही बोललं नव्हतं. ही उणीव डिलाईल रोडवरच्या सलोखा हाइट्स सहकारी गृहनिर्माण संस्थेने भरून काढली.

तीन चाळी पाडून ही एक इमारत उभी राहिली. चाळींत लोक गॅलरीत रंगाच्या डब्यांतून मिरच्या, अळू, ओवा असं काहीबाही लावायचे. ते बेकायदा होतं आणि भरपूर यायचं. नव्या इमारतीच्या नकाशात सहाव्या मजल्यावर, पार्किंगच्या डोक्यावर, एक हिरवा चौकोन होता. बिल्डरच्या माणसाला विचारल्यावर तो म्हणाला की चित्रात हिरवं चांगलं दिसतं. पण नकाशा मंजूर झालेला असल्यामुळे त्या हिरव्याचं काहीतरी करणं भाग होतं, म्हणून तिथे कृषी उद्यान झालं. चार फूट बाय तीन फुटांचे मातीने भरलेले अठ्ठेचाळीस ट्रे मांडले गेले आणि अठ्ठेचाळीस कुटुंबांना शेतजमीन मिळाली. प्रत्येकाला प्लॅस्टिकमध्ये घातलेला सातबाराही मिळाला. (त्यात ‘विहीर’ या रकान्यापुढे ‘नाही’ असं लिहिलेलं होतं. कोणाची फसवणूक झाली असं म्हणता येणार नाही.)

भूखंड क्रमांक चौदा कोंडीराम गमरे यांच्या नावावर निघाला. कोंडीराम पोस्टात सॉर्टर होते. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं: पाकिटावर जो पत्ता असेल त्या खान्यात पाकीट टाकायचं. पाठवणाऱ्याच्या मनात काय होतं, त्याला खरं तर कुठे पाठवायचं होतं, हा सॉर्टरचा विषय नसतो. शेतीशी त्यांचा संबंध संध्याकाळी तिथल्या बाकावर बसण्यापुरता होता. शेती बकुळा करायची, म्हणजे त्यांची बायको. तिने दापोलीकडच्या गावाहून बी आणून चौदा नंबरात मिरची लावली होती. लालबागला मिरची गल्लीत जाऊन ती तिथल्या मिरच्या हातात घेऊन बघायची आणि काही न घेता परत यायची. घरी आल्यावर म्हणायची, ‘रंग आहे नुसता.’

एप्रिलमध्ये पालिकेने पाणीकपात जाहीर केली. आधी माणसं की आधी पिकं हा प्रश्न संस्थेपुढे आला. माणसांना मतदानाचा हक्क असल्यामुळे तो लवकर सुटला. पण पिकं मरू देणंही परवडणारं नव्हतं, कारण उद्यान चालवायला मदत करणाऱ्या हरित कर्तव्य प्रतिष्ठानाला दर तीन महिन्यांनी हिरवे फोटो लागत. तेव्हा पिकांना पाणी न देता त्यांचं आहे तेच पाणी आत कसं राहील हे पाहण्यासाठी ‘पीक-जलव्यय प्रतिबंधक उपसमिती’ स्थापन झाली. सेक्रेटरी म्हणून रूपर्ट मिरांडाची निवड झाली. रूपर्ट गोदीतून क्रेन सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला, कोंडीरामांचा चाळीस वर्षांचा शेजारी. सभेला तो उशिरा पोचला होता, एवढीच त्याची चूक.

प्रतिष्ठानाने सल्लागार म्हणून हर्षवर्धन नावाचा तरुण पाठवला. माटुंग्याचा मुलगा, चांगल्या घरचा, शिक्षण निम्मं शेतीचं आणि निम्मं व्यवस्थापनाचं. स्वभावाने वाईट नव्हता. शुद्ध मराठी लिहिण्याची त्याला हौस होती आणि कुठल्याही पत्रात एखादा तरी वाक्प्रचार घातल्याशिवाय ते पूर्ण झालंसं त्याला वाटत नसे.

उपसमितीने केलेलं काम मोठं आहे. त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथे देतो.

एक, आच्छादन. माती झाकली की तिच्यातला ओलावा टिकतो, हे खरंच आहे. पालापाचोळा सहाव्या मजल्यावर मिळत नाही, म्हणून गेल्या निवडणुकीचे फ्लेक्स कापून अंथरले. दोन पक्षांची माणसं एकाच वांग्याखाली आल्यामुळे थोडी कुरबूर झाली, पण माती झाकली गेली.

दोन, पानांवर पांढऱ्या मातीची फवारणी. पान पांढरं झालं की ऊन परतवून लावतं आणि पाणी कमी सोडतं. रहिवासी या उपायाला ‘चुना लावणं’ म्हणू लागले. हा शब्दप्रयोग कामकाजातून काढून टाकण्यात आला.

तीन, हवेतला दमटपणा वाढवणं. सर्व रहिवाशांनी धुणं पिळून न काढता ट्रेच्या बाजूला वाळत घालावं असं ठरलं. (वांग्यांची काय प्रतिक्रिया झाली ते कळायला मार्ग नाही. पाचव्या मजल्यावरच्या जगदीशची पँट कोणीतरी नेली.)

चार, श्वास. हवेत कर्बवायू वाढला की पानांची छिद्रं मिटतात, यालाही शास्त्राचा आधार आहे. म्हणून ज्येष्ठ नागरिकांचा हास्यक्लब गच्चीवरून काढून ट्रेच्या मध्ये आणला आणि पाळ्या लावल्या. सूचनाफलकावर स्पष्ट लिहिलं होतं: श्वास घेणं ऐच्छिक, सोडणं सक्तीचं.

पाच, पानकपात. पाणी पानांतून जातं, तर मग पानंच कमी करावीत. टोमॅटोची निम्मी पानं खुडली तसा व्यय निम्म्यावर आला. हा निकाल इतका उत्साहवर्धक होता की उरलेली निम्मीही खुडली. त्यानंतरच्या काड्यांची कामगिरी अहवालात ‘अत्यंत समाधानकारक’ अशी नोंदवली आहे.

पहिल्याच पंधरवड्यात एकूण जलव्यय अठरा टक्क्यांनी घटला. त्याच पंधरवड्यात अकरा झाडं मेली. मेलेलं झाड पाणी सोडत नाही, त्यामुळे हे दोन्ही आकडे एकमेकांना पूरक आहेत.

‘कोंडू,’ रूपर्ट एकदा बाकावर बसून म्हणाला, ‘ते बोलतात झाडाला घाम येतो म्हणून. मला पण येतो रे. मी कोणाला बोलतो?’

कोणताही प्रयोग करायचा तर तुलनेसाठी एक झाड असं लागतं की ज्याला काहीच करायचं नाही. फ्लेक्स नाही, चुना नाही, श्वास नाही, पाणीही नाही. चिठ्ठी टाकली तेव्हा चौदा नंबर आला. हर्षवर्धन स्वतः बकुळाला सांगायला आला.

‘काकू, तुमच्या झाडाला काहीही करायचं नाही. फक्त बघायचं.’

‘काय बघायचं?’

‘काय होतं ते.’

‘मरतं ते?’

‘तुलनेसाठी,’ हर्षवर्धन म्हणाला.

बकुळा ‘बरं’ म्हणाली. ती अशी पटकन ‘बरं’ म्हणाली की कोंडीरामांनी सावध व्हायला हवं होतं, पण ते पेपर वाचत होते.

मग एक अद्भुत गोष्ट घडली. ज्या सत्तेचाळीस झाडांवर उपाय चालले होते ती एकामागून एक सुकत गेली आणि जिला काहीच मिळत नव्हतं ती मिरची वाढत राहिली. पाच आठवडे पाण्याचा थेंब नाही आणि झाड टवटवीत, वर पांढरी फुलं. हर्षवर्धन दर मंगळवारी येऊन पानं मोजायचा आणि प्रत्येक मंगळवारी ती जास्त भरायची. त्याने पुस्तकं चाळली, सरांना फोन केले. शेवटी एकच निष्कर्ष शक्य होता: या मिरचीला पाणी लागत नाही. प्रतिष्ठानात आनंद झाला. झाडाला ‘सलोखा-१४’ असं नाव मिळालं. जूनमध्ये एका मान्यवरांच्या हस्ते वाणाची घोषणा करायची आणि पुढच्या हंगामात कोरड्या तालुक्यांत त्याचं बी वाटायचं, सोबत ‘पाणी घालू नये’ असं छापील पत्रक द्यायचं, इथपर्यंत तयारी झाली. इतकं मोलाचं झाड उघड्यावर ठेवता येईना, म्हणून भोवती जाळीचा पिंजरा आला, पिंजऱ्याला कुलूप आलं, वर कॅमेरा बसला. ट्रेखाली एक इलेक्ट्रॉनिक काटाही बसवला. झाडातून ग्रॅमभर पाणी गेलं तरी त्याची नोंद व्हावी हा हेतू.

हे सगळं ज्या आठवड्यात झालं त्याच आठवड्यात बकुळाला हॉस्पिटलात न्यावं लागलं.

तिचं हृदय कमजोर झालं होतं आणि अंगावर पाणी चढत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी मोजून द्यायचं, दिवसाला पाऊण लिटर, त्यात चहाही धरायचा. कोंडीरामांनी बाटलीवर पेनाने रेघा मारल्या. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत म्हणजे एक वेळचं पाणी.

‘अहो,’ ती म्हणायची, ‘एक पेला द्या ना. पूर्ण.’

‘डॉक्टर नाही म्हणालेत.’

‘डॉक्टरांना कशाला सांगायला जाताय?’

कोंडीराम रेघेपर्यंतच द्यायचे. डॉक्टरांचं बरोबरच होतं. पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती गेली, तेव्हा बाटलीत दोन रेघांचं पाणी शिल्लक होतं.

संस्थेने शोकसभा घेतली. ठराव हर्षवर्धनने लिहून दिला होता, वाचला रूपर्टने. त्यात शेवटी एक वाक्य होतं: ‘या दुःखद प्रसंगी श्री. गमरे यांच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूसही दिसला नाही. त्यांचा हा संयम उपसमितीच्या उद्दिष्टांशी सर्वस्वी सुसंगत आहे.’ वाचून झाल्यावर रूपर्ट खाली येऊन कोंडीरामांच्या शेजारी बसला. ‘सॉरी रे. लिहिलेलं होतं ते वाचलं.’ कोंडीराम म्हणाले, ‘बरोबर आहे. लिहिलेलंच वाचायचं.’ टिपूस नव्हता ही गोष्ट खरी होती. लोक येत होते, रडून जात होते, आणि कोंडीराम त्यांना चहा विचारत होते.

बकुळा जाऊन दोन दिवस झाले आणि सलोखा-१४ ने मान टाकली.

हर्षवर्धन धावत आला. पिंजऱ्याबाहेरून त्याने झाड पाहिलं, काट्यावरचे आकडे पाहिले आणि त्याचा चेहरा खुलला. त्याने रूपर्टला समजावून सांगितलं की पान असं लोंबलं म्हणजे त्यावर ऊन कमी पडतं आणि पाणी वाचतं. हा झाडाचा संयम आहे. फार हुशार जात आहे. रूपर्ट म्हणाला, ‘मला तर ते मरतंय असं दिसतं.’ हर्षवर्धन म्हणाला, ‘वरून सारखंच दिसतं, अंकल.’

त्याच दिवशी सकाळी कोंडीराम ओट्याशी उभे राहून तांदूळ धूत होते. मुलगी वैशाली कल्याणहून यायची होती, त्याआधी भात टाकावा म्हणून. रूपर्टची बायको ज्युडिथ मटणाचा डबा घेऊन आली आणि दारातच थांबली.

‘कोंडूभाऊ, ते ओतू नको.’

‘काय?’

‘ते पाणी. ते मिरचीचं आहे.’

कोंडीराम पातेलं तसंच धरून उभे राहिले. ज्युडिथ खुर्चीवर बसली आणि तिने सांगितलं. रोज सकाळी तांदूळ धुतले की बकुळा ते पाणी डब्यात भरायची, डबा पदराखाली घ्यायची आणि फिरायला म्हणून सहाव्या मजल्यावर जायची. मंगळवारी हर्षवर्धन यायच्या आधी वरची माती हाताने भुरभुरून कोरडी करून ठेवायची.

‘मला बोलली, ज्युडिथ, रूपर्टला सांगू नको, तो सेक्रेटरी आहे. मी कशाला सांगते? मी त्याला बाकीचं तरी कुठे सांगते?’

कोंडीरामांनी नळ बंद केला. त्यांना वाटत होतं की झाड आपोआप जगतंय. (हर्षवर्धनलाही तेच वाटत होतं. फरक इतकाच की कोंडीरामांनी त्यावर अहवाल लिहिला नव्हता.) ते तांदळाचं पाणी घेऊन सहाव्या मजल्यावर गेले. पिंजऱ्याला कुलूप होतं. वरून पाणी टाकावं तर जाळी बारीक, खाली काटा, समोर कॅमेरा. ते पाणी घेऊन परत आले आणि त्यांनी पातेल्यावर ताट झाकून ते तसंच ठेवून दिलं. संध्याकाळी त्याला वास आला.

वैशालीने संस्थेच्या ग्रुपवर निरोप टाकला: ‘कालकथित बकुळा कोंडीराम गमरे यांचा जलदान विधी व पुण्यानुमोदन कार्यक्रम रविवारी सकाळी अकरा वाजता संस्थेच्या सभागृहात होईल.’ इमारतीत निम्मी घरं बौद्ध, बाकीच्यांनीही चाळीत असे कार्यक्रम पाहिलेले. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. हर्षवर्धन उपसमितीच्या कामासाठी त्या ग्रुपवर होता. त्याने हात जोडले नाहीत. त्याचं पत्र आलं:

‘पाणीकपातीच्या काळात सामूहिक जलदानाचा कार्यक्रम योजल्याचे समजले. दान करावयाचे पाणी एकूण किती लिटर, कोणत्या स्रोतातून घेणार, कोणत्या पिकास देणार आणि मोजणी कोण करणार, याचा तपशील तीन दिवसांत सादर करावा.’

‘पप्पा, हा माणूस काय विचारतोय?’ वैशालीने फोन त्यांच्या पुढे धरला.

‘विचारलंय तर सांगायला पाहिजे,’ कोंडीराम म्हणाले आणि त्यांनी उत्तर लिहून दिलं: ‘एकूण एक पेला. स्रोत, घरचा माठ. बौद्धाचार्य गाथा म्हणतात तेव्हा घरच्या माणसाने पेल्यातलं पाणी धार धरून भांड्यात सोडायचं असतं. गेलेल्या माणसाच्या नावाने. मग ते पाणी झाडाच्या मुळाशी घालतात. पीक, मिरची. भूखंड क्रमांक चौदा.’

शेवटच्या ओळीने उपसमिती हादरली. हर्षवर्धन त्याच दिवशी घरी आला. चप्पल बाहेर काढून, हात जोडून बसला.

‘काका, सॉरी. मला माहीत नव्हतं. विधी जरूर करा. फक्त झाड दुसरं घ्या. टोमॅटो घ्या.’

‘टोमॅटोला पानं नाहीत.’

‘अळू?’

‘अळू तुमच्या दुसऱ्या उपायात गेलं.’

‘काका, प्लीज. त्या झाडाला एक पेला जरी पाणी घातलं ना, तर ती साधी मिरची होईल.’

‘ती साधीच आहे,’ कोंडीराम म्हणाले. ‘बकुळाची आई गावी हेच बी लावायची. बकुळा रोज पाणी घालत होती तिला. तांदळाचं.’

हर्षवर्धनने पुढे सरकून कोंडीरामांच्या हातावर हात ठेवला. ‘काका, याला काही पुरावा आहे?’

‘ती होती,’ कोंडीराम म्हणाले.

‘दुःखात असं वाटतं माणसाला,’ हर्षवर्धन म्हणाला आणि हे तो मनापासून म्हणाला.

गुरुवारी उपसमितीची सभा झाली. तीन सदस्य हजर होते. त्यांतल्या एकाला दुपारची झोप लागली होती, म्हणून ठराव सर्वानुमते मंजूर झाला. शुक्रवारी रूपर्ट पत्र घेऊन स्वतः आला आणि आत न येता उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

‘वाच. मग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे. सही माझी आहे, पण मी वाचलं नाही. मन धजलं नाही वाचायला.’

‘सही वाचल्यावर करतात, रूपर्ट.’

‘ते पोस्टात. इकडे नाय.’

कोंडीरामांनी चष्मा लावून पत्र उघडलं. त्यात लिहिलं होतं:

‘महोदय, आपल्या भावनांची उपसमितीस पूर्ण जाणीव आहे. तथापि व्यापक हित लक्षात घेता, आपण भूखंड क्र. १४ मधील मिरचीच्या झाडावर कायमचे पाणी सोडावे, अशी आपणांस आग्रहाची विनंती आहे. यात कोणतीही कसूर झाल्यास उपसमितीस नाइलाजाने आपणांविरुद्ध कारवाई करावी लागेल.’

कोंडीरामांनी ते एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं.

‘पिंजऱ्याची किल्ली कुणाकडे असते?’

‘माझ्याकडे. का?’

‘यात लिहिलंय तसं करायचं तर पिंजरा उघडावा लागेल.’

रूपर्टने पत्र हातात घेतलं. ‘मिरचीच्या झाडावर,’ तो पुटपुटला, ‘कायमचे पाणी…’ मग त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला आणि त्याला जे हसू आलं होतं ते त्याने खोकून घालवलं.

‘कोंडू. त्या पोराला म्हणायचंय, झाडाचा नाद सोड. हे तुला माहीत नाय असं बोलू नको.’

‘पाकिटावर लिहिलेलं असतं तिथेच पाकीट जातं. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते बघत बसलो असतो, तर मुंबईत एक पत्र पोचलं नसतं.’

‘आणि कसूर झाली तर?’

‘तर कारवाई. तूच सही केलीस.’

रूपर्टने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक वेगळी केली आणि दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर ठेवून दिली. ‘ज्युडिथला नको सांगू,’ तो म्हणाला. ‘ती सगळीकडे सांगते.’

रविवारी सभागृह भरलं. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिलं. गाथा सुरू झाल्या तशी कोंडीरामांनी पेला उचलला. घरातला रोजचा स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला. त्यांनी धार धरली, पाणी भांड्यात उतरलं, लोकांनी ‘साधू, साधू’ म्हटलं. मग ते पाणी परत पेल्यात घेऊन ते उठले आणि सहाव्या मजल्यावर निघाले. मागे वैशाली, मिरांडा नवराबायको आणि जवळजवळ सगळी इमारत.

हर्षवर्धन पिंजऱ्यासमोर उभा होता. घाबरला होता, तरी उभा होता. ‘काका, तुम्हाला पत्र मिळालं नाही का?’

कोंडीरामांनी खिशातून पत्र काढून रूपर्टकडे दिलं. रूपर्टने ते सेक्रेटरीच्या आवाजात वाचून दाखवलं. ‘कायमचे पाणी सोडावे’ इथे तो जरा थांबला. ‘कसूर झाल्यास’ इथे पुन्हा थांबला. मागून कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले.

‘असं नव्हतं म्हणायचं मला,’ हर्षवर्धन म्हणाला. ‘पाणी सोडावे म्हणजे… हक्क सोडावा.’

‘मग हक्क सोडावा लिहायचं होतंस,’ वैशाली म्हणाली. ‘तोही सोडला नसता.’

हर्षवर्धनने सर्वांकडे पाहिलं. मग तो बाजूला झाला. पण तो शेवटी शास्त्राचा माणूस होता. ‘निदान मोजू तरी द्या,’ तो म्हणाला. कोणी नाही म्हटलं नाही. त्याने पेल्यातलं पाणी मापात ओतून मोजलं, ते बरोबर दोनशे ग्रॅम भरलं, आणि एक थेंबही न सांडता परत ओतून दिलं. हे काम त्याने फार हळू आणि चांगलं केलं.

रूपर्टने कुलूप काढलं. कोंडीराम खाली बसले. मिरचीची पानं चिंध्यांसारखी लोंबत होती. त्यांनी पेला कलता केला आणि शेवटपर्यंत रिकामा होऊ दिला.

‘घे,’ ते म्हणाले. ‘पूर्ण आहे.’

मग ते तसेच वाकून बसून राहिले. लोकांनी दुसरीकडे पाहिलं. हवा वरळीकडून येत होती.

त्या दिवशी काट्याने ट्रेच्या वजनात दोनशे तीन ग्रॅमची वाढ नोंदवली. पेल्यात दोनशेच होते. उरलेल्या तीन ग्रॅमची उपसमितीने रीतसर चौकशी केली. मातीत बाहेरून काही पडलं नव्हतं, पाऊस नव्हता, माप बरोबर होतं. शेवटी दोष काट्यात आहे असं ठरलं आणि काटा परत पाठवण्यात आला.

झाडाने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मान वर केली. प्रतिष्ठानाने सलोखा-१४ चं नाव मागे घेतलं, मान्यवरांना कळवलं, छापलेली पत्रकं आच्छादन म्हणून ट्रेवर अंथरली. पत्रात ‘कायमचे’ असा शब्द असल्यामुळे कोंडीराम रोज सकाळी तांदूळ धुतात, पाणी डब्यात भरतात आणि सहाव्या मजल्यावर जातात. डबा झाकत नाहीत. रूपर्ट बाकावर बसलेला असतो. ‘कसूर नाय ना झाली?’ तो विचारतो. ‘आज नाही,’ कोंडीराम म्हणतात.

उपसमितीचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला आहे. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस भूखंडांतला जलव्यय शून्यावर आणण्यात यश आलं आणि ही कामगिरी कुठल्याही कृषी विद्यापीठाला अवघड गेली असती, असं त्यात नमूद आहे. (त्या ट्रेमध्ये आता काड्या आहेत.) भूखंड क्रमांक चौदापुढे लाल शाईत लिहिलंय: ‘अपव्यय सुरूच.’

हर्षवर्धनची बदली घरगुती झाडांच्या विभागात झाली आहे. तिथून तो एक पाहणी करतो आहे आणि वाचकांनी तिला सहकार्य करावं अशी विनंती आहे. प्रश्न सोपा आहे. तुमच्याकडे गॅलरीत, खिडकीत, जिन्यात एखादं तरी झाड असेलच. ते हिरवं आहे का? असल्यास त्याला पाणी कोण घालतं?

नाव लगेच सांगता आलं, तर ते साधं झाड आहे. हर्षवर्धनला त्यात रस नाही.

नाव आठवायला वेळ लागत असेल, किंवा ते आपोआपच जगतंय असं तुम्हाला वाटत असेल, तर अभिनंदन. तुमच्या घरी दुष्काळाला दाद न देणारं वाण आहे. त्याची घोषणा अवश्य करा. फक्त त्याआधी स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ कोण धुतंय ते एकदा बघून या.